बाळंतपणाचा वर्ग लावताय? आधी दवाखाना ठरवा

नेहमी होतं ते असं. पुण्यात नोकरी करणारी मुलगी पाचव्या महिन्यात वर्गाची फी भरते. शनिवार-रविवार नवऱ्याला घेऊन जाते. ती श्वास शिकते, पाठ कुठे आणि कशी दाबायची ते नवरा शिकतो. मग डोहाळजेवण होतं आणि ती कराडला माहेरी जाते. तिथल्या दवाखान्यात लेबर रूममध्ये पुरुषांना सोडत नाहीत. कळा सुरू होतात रात्री, नवरा अजून खंबाटकी घाटात, आणि आत सोबतीला जाते आई. त्या आईला वर्गात काय शिकवलं याचा पत्ताच नसतो. वर्ग चांगलाच होता, क्रम चुकला.

म्हणून आधी दवाखाना, मग आत कोण येणार ते, आणि त्यानंतर वर्ग. पुढच्या पायऱ्या याच क्रमाने घ्या. वर्ग आधीच लावून झाला असेल तर दुसऱ्या पायरीवर परत या. ३६ आठवडे झाले असले तरी ती पायरी वगळू नका.

## १. महिने सोडा, आठवडे मोजा

घरात ‘सातवा लागला’, ‘नववा सरत आला’ अशी भाषा चालते. दवाखाना, वर्ग, रजा आणि विमान कंपन्या मात्र आठवडे मोजतात. या दोन हिशेबांच्या गोंधळात वर्ग उशिरा लागतात आणि अर्ध्यावर सुटतात.

हिशेब शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून, एकूण ४० आठवड्यांचा. त्या तारखेत ७ दिवस मिळवून ९ महिने पुढे गेलं की अंदाजे तारीख निघते. पाळी अनियमित असेल तर पहिल्या तिमाहीतल्या सोनोग्राफीवरून डॉक्टर तारीख पक्की करतात. नंतरच्या सोनोग्राफीच्या कागदावर वेगळी तारीख छापून येते आणि घरात घबराट उडते. ती तारीख मशीन बाळाच्या मापावरून काढतं. एकदा पक्की झालेली तारीख त्यावरून बदलायची नसते.

ढोबळ वेळापत्रक असं ठेवा: २० ते २४ आठवड्यांत दवाखाना आणि सोबतीण (लेबर रूममध्ये तुमच्याजवळ राहणारी व्यक्ती), २६ ते २८ मध्ये वर्ग सुरू, ३४-३५ पर्यंत तो संपलेला, ३६ ला बॅग तयार. ३७ आठवडे पूर्ण झाले की दिवस भरले असं धरतात, त्यामुळे ‘अजून महिना आहे’ म्हणून शेवटचे दोन तास मागे ठेवू नका. जुळी असतील तर सगळंच चारेक आठवडे अलीकडे ओढा.

तपासा: पक्की तारीख फाईलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिली आहे का? माहेरच्या डॉक्टरांना आधी तीच लागते.

## २. दवाखाना कुठला आणि आत कोण

माहेरी जायचं असेल तर दवाखाना माहेरच्या गावचा ठरवायचा आणि तिथे २४ आठवड्यांपर्यंत एक फेरी मारून यायची. सगळी फाईल घेऊन, नाव नोंदवून. ‘आईच्या ओळखीचे डॉक्टर आहेत, ऐनवेळी जाऊ’ हा बेत धोक्याचा. रक्तगट निगेटिव्ह आहे, वार (प्लॅसेंटा) खाली आहे, आधीचं सिझर आहे, अशा गोष्टी रात्री दोन वाजता पहिल्यांदा सांगायच्या नसतात. मुक्कामाला ३२ ते ३४ आठवड्यांपर्यंत पोचलेलं बरं. विमानाने जाणार असाल तर तिकीट काढण्याआधी त्या कंपनीचा नियम आणि डॉक्टरांचं पत्र, दोन्ही पाहा.

रजेचा हिशेबही इथेच बसतो. कायद्याने पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवडे पगारी रजा मिळते. त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे प्रसूतीच्या आधी घेता येतात, म्हणजे ३२ आठवडे झाल्यावर. आधी जितकी घ्याल तितकी नंतरची कमी होते. आदल्या १२ महिन्यांत तिथे किमान ८० दिवस काम केलेलं असावं लागतं, आणि अर्ज लेखी द्यावा लागतो.

दवाखान्यात विचारायचे प्रश्न कागदावर लिहून न्या, कारण डॉक्टरांपुढे बसलं की निम्मे विसरतात. मोठ्या डॉक्टरांना भेटून झाल्यावर तेच प्रश्न लेबर रूमच्या सिस्टरलाही विचारा. नियम डॉक्टर सांगतात, प्रत्यक्षात काय चालतं ते सिस्टरला माहीत असतं.

- कळांच्या काळात सोबत कोण राहू शकतं? नवरा चालतो का, की फक्त बाईमाणूस? एकच व्यक्ती, की आलटून पालटून दोघी?
- कळा चालू असताना फिरता येतं का, कुशीवर किंवा बसून राहता येतं का? पाणी आणि हलकं खाणं चालतं का?
- वेदना कमी करण्यासाठी पाठीतलं इंजेक्शन मिळतं का? भूलतज्ज्ञ रात्री बोलावल्यावर किती वेळात येतात?
- सिझरची सोय तिथेच आहे का? रक्त कुठून आणावं लागतं? नवजात बाळाचा अतिदक्षता विभाग तिथेच की दुसरीकडे?
- बाळाची वाट मोठी करायला घेतात तो खालचा छेद सरसकट घेतात की गरज पडली तरच?
- बाळ लगेच आईच्या छातीवर देतात का? नाळ कापायला निदान एक मिनिट थांबतात का?
- नॉर्मल आणि सिझर दोन्हींचा अंदाजे खर्च, भरायचं डिपॉझिट, आणि विम्याची पूर्वमंजुरी कोण करतं?

शेवटच्या प्रश्नाआधी स्वतःची पॉलिसी वाचा. बाळंतपणाला बऱ्याच पॉलिसींत आधीचा प्रतीक्षाकाळ असतो आणि दिवस गेल्यावर तो कमी करून मिळत नाही.

सरकारी दवाखान्यात बाळंत होणार असाल तर जननी-शिशू सुरक्षा कार्यक्रमाखाली प्रसूती, सिझर, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण आणि घरून नेण्या-आणण्याची गाडी मोफत आहे. सोबतीण ठेवायला सरकारी धोरणाची मान्यता आहे. बहुतेक ठिकाणी खोल्या सामाईक असल्याने सोबतीला बाई लागते, आणि ती स्वतः बाळंतपणातून गेलेली असली तर उत्तम.

आता नाव ठरवा. आत जाणारी व्यक्ती धीराची हवी. रक्त पाहून चक्कर येणारी मावशी प्रेमळ असली तरी बाहेर बसू दे. आई खूप घाबरट असेल तर बहीण, वहिनी किंवा जाऊ पाहा. हा निर्णय मानापानाचा करू नका; ‘दवाखान्यात एकालाच सोडतात’ एवढं सांगितलं की पुरतं.

सावधान: दवाखाना बदलला तर ही अख्खी पायरी पुन्हा करायची.

## ३. वर्ग निवडताना

महाराष्ट्रात ‘गर्भसंस्कार’ या एका पाटीखाली बरंच काही शिकवतात. कुठे मंत्र, संगीत, ध्यान, आहार, कुठे योगासनं, कुठे खरोखर बाळंतपणाची तयारी. मन शांत होत असेल तर संगीत जरूर ऐका, त्यावर वाद नाही. पण तीन महिने गर्भसंस्काराला जाऊन कळा कशा मोजायच्या हे माहीत नसलेल्या मुली मी पाहते, तेव्हा फी नेमकी कशाची भरली असा प्रश्न पडतो. पाटी वाचू नका, अभ्यासक्रम मागा.

त्यात एवढं तरी हवंच: कळा सुरू झाल्याची चिन्हं, दवाखान्यात कधी निघायचं, प्रसूतीचे टप्पे, श्वास आणि बसण्या-उठण्याच्या स्थिती, सोबतिणीचं काम, वेदना कमी करण्याचे पर्याय, सिझर, दूध पाजणं, आणि बाळंतिणीची व बाळाची पहिल्या सहा आठवड्यांतली काळजी. ‘आमच्याकडे शंभर टक्के नॉर्मल’ असं कुणी म्हणालं तर उठून या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातल्या २१.५ टक्के प्रसूती सिझरने झालेल्या दिसतात, खासगी दवाखान्यांत तर ४७.४ टक्के. यातली सगळी सिझर गरजेचीच होती असं म्हणायचं नाही. पण ज्या वर्गात सिझरवर एक तासही नाही, तो वर्ग अर्धाच.

शिकवणारी व्यक्ती कोण तेही विचारा. स्त्रीरोगतज्ज्ञ, परिचारिका, प्रसूतीवर काम करणारी फिजिओथेरपिस्ट, प्रशिक्षित बाळंतपण-शिक्षिका, कुणीही चालेल. लेबर रूममध्ये प्रत्यक्ष काम केलेलं असावं. तुकडी लहान असावी. पन्नासजणींच्या सभागृहात तुमची कंबर कुणी पाहणार नाही.

ऑनलाइन वर्ग माहितीपुरता चांगला. स्थिती, श्वास आणि पाठ दाबणं मात्र निदान एकदा समोरासमोर शिका. आई दुसऱ्या गावी असेल तर शिक्षिकेला विचारून दोन तास तिला व्हिडिओ कॉलवर बसवा: एक कळांचा, एक दूध पाजण्याचा. बाकीचे तास नवऱ्यासोबत करा. मुंबईत किंवा पुण्यातच बाळंत होणार असाल आणि दवाखान्याचा स्वतःचा वर्ग असेल, तर आधी तोच पाहा, कारण तिथले नियम तेच सांगतात.

जवळपास वर्गच नसेल तर? दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी दवाखान्यांत डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. तिथे, गावच्या आरोग्य-पोषण दिनाला, किंवा आशाताई आणि एएनएम सिस्टरकडून वरच्या यादीतलं बरंचसं विचारून घेता येतं. यादी हातात घेऊन जायची, नाहीतर वजन, बीपी आणि गोळ्यांवर भेट संपते.

सावधान: वर्गात नाळेतलं रक्त साठवण्याची योजना विकायला माणूस आला तर तिथे सही करू नका. स्वतःच्या बाळासाठी असं खासगी साठवण करण्याची शिफारस भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद करत नाही. पावडरच्या दुधाचे नमुने वाटत असतील तर १९९२ च्या कायद्याने तो प्रचार बेकायदा आहे, आणि त्या वर्गातला स्तनपानाचा तास किती खरा असेल ते तुम्हीच ठरवा.

## ४. व्यायामाआधी डॉक्टरांचा होकार

ही पायरी छोटी आहे, म्हणूनच गाळली जाते. वार खाली असणं, रक्तस्राव, गर्भाशयाच्या तोंडाला टाका, वाढलेलं बीपी, वेळेआधी कळांचा धोका, जुळी बाळं, हृदयाचा आजार, यातलं काही असेल तर कोणता व्यायाम चालेल ते तुमच्या डॉक्टरांनी लिहून द्यायचं, वर्गाने नाही. व्यायामात चक्कर, पोट दुखणं, पाणी किंवा रक्त जाणं, छातीत धडधड झाली तर थांबा आणि फोन करा. उताणं फार वेळ पडू नका. वाढलेलं पोट मोठ्या रक्तवाहिनीवर दाब आणतं. २८ आठवड्यांनंतर झोपायचंही कुशीवर.

आणि हो, फरशी पुसून नॉर्मल होत नाही. तूप प्यायलं म्हणून बाळ घसरून येत नाही, वजन तेवढं वाढतं. नवव्या महिन्यात एरंडेल देण्याचा सल्ला कुणी दिला तर हसून टाळा आणि घेऊ नका.

## ५. वर्गात काय पक्कं करायचं

वहीत सगळं उतरवत बसू नका. खालच्या गोष्टी अंगवळणी पडल्या पाहिजेत, त्यासाठी शिक्षिकेला पुन्हा पुन्हा करून दाखवायला सांगा.

कळा मोजणं. इथे सगळ्यांत जास्त चुका होतात. एक कळ संपल्यापासून दुसरी सुरू होईपर्यंतचा वेळ मोजायचा नसतो. एक कळ *सुरू* झाल्यापासून पुढची *सुरू* होईपर्यंतचा मोजायचा. उदाहरण घ्या: कळ १०:०० ला सुरू झाली, १०:०१ ला ओसरली, पुढची १०:०५ ला आली. अंतर पाच मिनिटं, लांबी एक मिनिट. कागदावर दोन रकाने पुरे: कधी सुरू, किती वेळ. लिहायचं काम सोबतिणीचं.

खोट्या कळा अनियमित असतात. चाललं, कूस बदलली, पाणी पिऊन पडलं की त्या मंदावतात. खऱ्या कळा वाढत जातात: अंतर कमी होतं, लांबी वाढते, आणि दुखणं बहुधा कमरेतून पुढे येतं.

श्वास. गुंतागुंतीचे प्रकार ऐन वेळी आठवत नाहीत. एकच पक्का करा: नाकाने सावकाश आत, तोंडाने त्याहून सावकाश बाहेर, खांदे आणि जबडा सैल. धापा टाकल्यासारखा भराभर श्वास घेतला तर बोटांना, ओठांना मुंग्या येतात आणि गरगरतं. तसं झालं तर सोबतिणीने समोर बसून स्वतः हळू श्वास सोडून दाखवायचा. ‘घाबरू नकोस’ म्हणण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त.

सरावासाठी वर्गात बर्फाचा खडा देतात. मुठीत धरून एक मिनिट श्वास चालू ठेवायचा. पहिल्यांदा विसाव्या सेकंदाला हात उघडतो, खांदे कानापर्यंत चढलेले असतात, दात आवळलेले. शिक्षिका कपाळ, जबडा, खांदे, मूठ असं एकेक नाव घेत सैल करायला लावते. कळ अशी नसतेच, पण दुखत असताना अंग सैल सोडायची सवय यातून लागते.

सोबतिणीचे हात. कळ आली की तळहाताची टाच माकडहाडाच्या वर ठेवून सरळ आत दाबायचं, चोळायचं नाही. दाब किती ते गरोदर मुलीने सांगायचं, आणि बहुतेकींना सोबतीणीला वाटतो त्याहून जास्त हवा असतो. कळ चालू असताना प्रश्न विचारायचे नाहीत. दोन कळांच्या मध्ये पाण्याचा घोट, तोंड पुसणं, आणि दर दोनेक तासांनी लघवीची आठवण. भरलेलं मूत्राशय बाळाच्या वाटेत येतं.

जोर कधी लावायचा. गर्भाशयाचं तोंड पूर्ण, म्हणजे १० सेंटिमीटर उघडल्यावर, डॉक्टर किंवा सिस्टर सांगतील तेव्हा. बाहेरून कुणीतरी ‘लाव जोर, लाव’ ओरडत असतं म्हणून आधीच जोर लावला तर मुलगी दमते आणि खरी वेळ येते तेव्हा ताकद उरत नाही. पहिलटकरणीला या टप्प्याला तीन तासांपर्यंतही लागू शकतात, हे बाहेर बसलेल्यांनाही सांगून ठेवा.

पाठीतलं इंजेक्शन. ‘त्याने जन्मभर पाठ दुखते’ आणि ‘त्याने सिझर होतं’ या दोन्ही समजांना अभ्यासांत आधार सापडलेला नाही. बाळंतपणानंतरची पाठदुखी इंजेक्शन न घेतलेल्यांनाही होते. घ्यायचं की नाही ते तुमचं. पण माहिती कळा सुरू होण्याआधी घ्या.

सिझर. बहुतेक वेळा कमरेखालचाच भाग बधिर करतात, आई जागी असते आणि बाळाचं रडणं ऐकते. वर्गात दोन गोष्टी करून पाहा: टाक्यांवर ताण न देता कुशीवर वळून, हाताच्या आधाराने पलंगावरून उठणं, आणि पडून किंवा बाळाला बगलेखाली धरून पाजणं. या दोन सवयी नसतील तर पहिले दोन दिवस हाल होतात.

तपासा: सोबतिणीला विचारा, ‘कळा किती मिनिटांवर आल्या की निघायचं?’ तिला थांबून विचार करावा लागला तर तो तास पुन्हा करा.

## ६. घरचा सराव आणि एक रात्रीची फेरी

रोज पंधरा-वीस मिनिटं पुरतात: श्वास, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे आकुंचन-प्रसरण, बद्धकोनासन, भिंतीला हात टेकून कंबर डोलवणं. हे आत येणाऱ्या माणसासोबतच करा. ३४ आठवड्यांनंतर योनिमार्गाच्या खालच्या भागाचं हलकं मालीश केल्याने पहिल्या प्रसूतीत फाटण्याचं प्रमाण कमी होतं. डॉक्टरांची हरकत नसेल तर शिक्षिकेकडून नीट शिकून घ्या.

२८ आठवड्यांपासून बाळाच्या हालचालीकडे रोज लक्ष द्या. हालचाल कमी वाटली तर खाऊन, कुशीवर पडून मोजा. दोन तासांत दहा हालचाली जाणवल्या नाहीत तर त्याच दिवशी दवाखान्यात. ‘नववा लागला की बाळ शांत होतं’ हे खरं नाही आणि त्यावर विसंबून उद्यापर्यंत थांबू नका.

एक काम घरची मंडळी हमखास विसरतात: रात्री एकदा दवाखान्यापर्यंत जाऊन येणं. दिवसा उघडं असणारं गेट रात्री बंद असतं, वॉचमन मागच्या दाराने पाठवतो, लिफ्टची किल्ली कुणाकडे ते माहीत नसतं. गाडी कुणाची, ती नसेल तर कुणाची, हे दोन फोन नंबर भिंतीवर चिकटवा. १०८ ही तातडीची रुग्णवाहिका आणि १०२ गरोदर बाईला नेण्या-आणण्याची गाडी, दोन्ही मोफत.

## ७. बॅग आणि कागद, ३६ आठवड्यांना

कागद वेगळ्या पिशवीत: माता व बाल संरक्षण कार्ड, सगळ्या सोनोग्राफी आणि रक्ताचे रिपोर्ट, रक्तगट, आधार, विम्याचं कार्ड, बँकेचं पासबुक. आईसाठी पुढून उघडणारे गाऊन, मोठे पॅड, सुती अंतर्वस्त्रं, चपला, फोनचा चार्जर, खजूर किंवा राजगिऱ्याचे लाडू. बाळासाठी झबली, टोपडी, लंगोट आणि जुन्या मऊ सुती साडीची दुपटी. बाळ येण्याआधी नवं काही आणायचं नाही अशी रीत ज्या घरात आहे तिथे जुनी धुतलेली दुपटी उत्तमच चालतात. नवं आणलंच तर धुऊन, उन्हात वाळवून ठेवा.

दूध पावडर आणि बाटली बॅगेत ठेवू नका. हाताशी असली की पहिल्याच रात्री निघते.

## ८. कळा सुरू झाल्यावर

१. घड्याळ बघा, लिहायला लागा. लगेच पळू नका. फार लवकर गेलं तर परत पाठवतात किंवा पलंगावर अडकवून ठेवतात.

२. अंघोळ करा, हलकं खा, अधूनमधून फिरा, रात्र असेल तर झोपायचा प्रयत्न करा. पहिलटकरणीचा हा भाग बराच लांबतो आणि जागून काढला तर पुढे थकवा नडतो.

३. कळा पाच मिनिटांवर, प्रत्येक सुमारे एक मिनिटाची, आणि असं तासभर झालं की दवाखान्यात फोन करून निघा. दुसरेपण असेल किंवा रस्ता अर्ध्या तासाहून लांबचा असेल तर त्याच्या बरंच आधी.

४. पोचल्यावर फाईल द्या, आणि सोबतीण कोण ते पहिल्याच मिनिटाला सांगा.

न थांबता निघा: पाणमोट फुटली (कळा नसल्या तरी, वेळ आणि रंग लक्षात ठेवा, हिरवट किंवा तपकिरी असेल तर तातडीने), पाळीसारखं रक्त जातंय, तीव्र डोकेदुखी किंवा डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, झटका, ताप, बाळाची हालचाल थांबली किंवा कमी झाली, ३७ आठवड्यांआधी कळा. चिकट, किंचित रक्ताळ स्राव हे मात्र तोंड उघडू लागल्याचं चिन्ह आहे. तेवढ्यासाठी धावाधाव नको.

## ९. पहिला तास आणि आजीशी आधीच बोलून ठेवायच्या गोष्टी

बाळ छातीवर, कपडा वरून, आणि तासाभरात पहिलं पाजणं. सिझर असलं तरी बहुतेक वेळा हे जमतं. पहिलं पिवळसर चीकदूध थोडंच येतं आणि तेवढंच पुरतं, नवजात बाळाचं पोटच लहान असतं. ‘दूध आलं नाही’ म्हणून मध, साखरपाणी, गुटी, गाईचं दूध नको. सहा महिने पाणीसुद्धा नको. मध तर वर्षाच्या आत मुळीच नाही, त्यातल्या जंतूंमुळे बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. बाळ दिवसाला ८ ते १२ वेळा पितं. पाचव्या-सहाव्या दिवसापासून सहा किंवा जास्त लंगोट ओले होत असतील तर दूध पुरतंय. पहिल्या दिवसांत वजन थोडं घटतं आणि साधारण दोन आठवड्यांत भरून येतं.

पाजताना दुखत असेल तर बहुधा बाळाने फक्त बोंडी धरलेली असते. तोंड मोठं उघडेपर्यंत थांबा, बोंडीभोवतीचा काळा भागही तोंडात जाऊ द्या, हनुवटी स्तनाला टेकू द्या. डिस्चार्जच्या आधी सिस्टरला समोर उभं करून एकदा पाजून दाखवा.

आजीशी बोलायचं ते डोहाळजेवणाच्या सुमारास, निवांतपणे. बाळंतपणानंतर बोललं की भांडण होतं. डिंकाचे आणि अळिवाचे लाडू, मऊ भात, अंगाला हलक्या हाताने तेल, हे सगळं चालू द्या. बंद खोलीत कोळशाची शेगडी आणि धुरी मात्र नको. त्या वायूने आई आणि बाळ दोघंही गुदमरू शकतात. नाळेला हळद, तेल, पावडर काही नाही, ती कोरडी राहू द्या. डोळ्यांत काजळ नको. बाळंतिणीचं पाणी तोडू नका, ती पाजते आहे. बाळाची पहिली अंघोळ निदान २४ तासांनी. बीसीजी, पोलिओ आणि कावीळ ब ची जन्माची लस दवाखान्यातून निघण्याआधी झाली का ते कार्डावर पाहा.

न थांबता दवाखान्यात: आईचं तासाभरात एक पॅड भिजणं, ताप, दुर्गंधी, पोटरीत दुखून सूज, तीव्र डोकेदुखी, बाळाने दूध सोडणं, अंग थंड किंवा तापलेलं, श्वास भराभर, पहिल्याच दिवशी पिवळेपणा किंवा तळहात-तळपाय पिवळे. रडू येणं, उदास वाटणं पहिले काही दिवस नेहमीचं. दोन आठवड्यांपुढे गेलं किंवा स्वतःला-बाळाला इजा करण्याचे विचार आले तर डॉक्टरांना सांगा. १४४१६ या टेलिमानस (मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतीच्या) क्रमांकावर मराठीत मोफत बोलता येतं.

दवाखान्यात प्रसूती झाली तरी आशाताई घरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येतात. माहेरच्या गावच्या आशाताईंना तुम्ही आल्याचं आधीच कळवा, नाहीतर त्यांच्या यादीत तुमचं नाव नसतं आणि सासरच्या गावच्या आशाताई दाराला कुलूप पाहून परत जातात.

शेवटचं काम डिस्चार्जच्या दिवशी. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत आणि जन्म झाला त्याच गावच्या कार्यालयात होते. म्हणजे कराडला बाळंत झालात तर दाखला कराडचाच. दवाखान्याने भरलेल्या फॉर्मवर आईचं नाव आधारवर आहे तसंच आहे का, माहेरचं की सासरचं, स्पेलिंग बरोबर आहे का, ते अक्षर न् अक्षर वाचून मगच सही करा. दाखला हातात घेऊनच पुण्याची गाडी पकडा.